मित्रांच्या फँटसी हॉकी लीगमध्ये जानेवारीनंतर निम्मे जण लक्ष देईनासे होतात. नियमांत काय बदलावे?

प्रश्न

नमस्कार. गेली तीन वर्षे मी दहा मित्रमैत्रिणींची, एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या) मोसमावर चालणारी फँटसी हॉकी लीग सांभाळते आहे; तीत प्रत्येक जण खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ बनवतो आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळवतो. ऑक्टोबरमध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, रात्री सर्वांना विलक्षण उत्साह असतो, नाताळपर्यंत तो टिकतोही; पण जानेवारी उजाडला की तळाच्या चार-पाच संघांचे मालक आपल्या संघाकडे फिरकतही नाहीत. जखमी खेळाडू तसेच संघरचनेत राहतात आणि त्या आठवड्यात ज्याची गाठ अशा संघाशी पडते, त्याला विजय फुकट मिळतो.

आमची पद्धत अशी आहे : दर आठवड्याला दोघांचा सामना, गुणांवर निकाल. संघात दोन सेंटर, दोन लेफ्ट विंग, दोन राइट विंग, चार डिफेन्समन, दोन गोलरक्षक, कोणत्याही जागेवरचा एक स्केटर (गोलरक्षक सोडून कोणीही) आणि चार राखीव. गोलला ६ गुण, असिस्टला (गोल करून देणाऱ्या पासला) ४, शॉटला ०.९, ब्लॉकला (स्केटरने अडवलेल्या शॉटला) १. गोलरक्षकाला विजयाचे ५, प्रत्येक सेव्हचे (अडवलेल्या शॉटचे) ०.६, शटआउटचे (सामन्यात एकही गोल न खाल्ल्याचे) ५ आणि खाल्लेल्या प्रत्येक गोलमागे उणे ३. संघरचना रोज बदलता येते.

या वर्षी आणखी एक गोष्ट घडली, जी मला अजून खुपते आहे. नवव्या क्रमांकावरच्या मित्राने आपला नामांकित सेंटर पहिल्या क्रमांकावरच्या मित्राला दिला आणि बदल्यात दोन मध्यम दर्जाचे विंगर घेतले. दोघे एकाच खोलीत राहतात, त्यामुळे संशय आला, मतदान झाले आणि पाच जणांनी हा ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, फेटाळला. सेंटर देणाऱ्या मित्राचे म्हणणे होते की त्याचे दोन्ही लेफ्ट विंगर जखमी होते. त्या दिवसापासून तो गटात एक शब्दही बोललेला नाही. शिवाय सलग दोन वर्षे विजेतेपद त्यालाच मिळाले ज्याने पहिल्या तीन फेऱ्यांत दोन चांगले गोलरक्षक उचलले होते, त्यामुळे बाकीच्यांना ड्राफ्टमध्येच सगळे ठरून गेल्यासारखे वाटते. पुढच्या मोसमाआधी नियम नव्याने लिहायचे आहेत. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

अकरा वर्षे लीग चालवल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे : ट्रेडवर सदस्यांचे मतदान ठेवू नये. मत देणारा प्रत्येक जण प्रतिस्पर्धी असतो आणि अव्वल संघ बळकट होत असेल तर ट्रेड फेटाळण्यात त्याचा स्वतःचा फायदा असतो. तो मनाने कितीही प्रामाणिक असला, तरी त्याला तो सौदा अन्यायकारकच दिसणार. विचारायचा प्रश्न ‘सौदा समसमान आहे का’ हा नसून ‘दोघेही आपापला संघ सुधारण्यासाठीच हे करत आहेत का’ हा आहे. दोघांकडून दोन-तीन वाक्यांत कारण लिहून घ्या, ते गटात सर्वांसमोर ठेवा आणि निर्णय एकाच व्यक्तीने द्यावा. तुमचा स्वतःचा ट्रेड असेल तेव्हा निर्णय लीगबाहेरच्या, पण हॉकी समजणाऱ्या एखाद्या माणसावर सोपवा.

आता तुमच्या मित्राचा सौदा पाहू. तुमच्या लीगमध्ये दहा संघ आणि प्रत्येकी दोन सेंटर, म्हणजे एका वेळी वीस सेंटर खेळतात. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाच्या पहिल्या दोन फळ्यांमध्ये (एकत्र उतरणाऱ्या आक्रमकांच्या गटांमध्ये) मिळून दोन सेंटर असतात, म्हणजे वापरण्याजोगे चौसष्ट. राखीव बाकांवर कोणी काही सेंटर ठेवले, तरी कोणाच्याही संघात नसलेल्या खेळाडूंमध्ये बरा सेंटर बहुतेक वेळा सापडतोच. पहिल्या फळीत खेळणारा, पॉवर प्लेमध्ये (शिक्षेमुळे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू बाहेर असताना) स्थान असलेला विंगर मात्र जानेवारीत सहसा मोकळा नसतो. लेफ्ट विंगच्या दोन्ही जागा रिकाम्या असताना एक मोठा सेंटर देऊन दोन चालू विंगर घेणे आणि सेंटरची जागा मोकळ्या खेळाडूंतून भरणे, हा मला तरी डोळसपणे केलेला व्यवहार वाटतो. नाव मोठे म्हणून सौदा एकतर्फी, असा निष्कर्ष पाच जणांनी काढला. त्याच्या संघाची गरज कोणी मोजली नसावी.

म्हणून नियम लिहायला बसण्यापूर्वी त्या मित्राला फोन करा. गटात संदेश टाकू नका, फोनच करा, आणि मतदानाची पद्धतच चुकीची होती हे स्पष्ट शब्दांत सांगा.

ट्रेडची अंतिम तारीखही ठरवून ठेवा. एनएचएलची स्वतःची मुदत साधारण मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते (२०२५ मध्ये ती ७ मार्चला होती). फँटसी लीगची मुदत त्याच्या दोन-तीन आठवडे आधी असावी, म्हणजे शर्यतीतून बाद झालेला कोणी मित्राला खेळाडू ‘देऊन टाकण्याचा’ प्रसंग येत नाही.

दुसरे उत्तर

ट्रेडविषयी वर लिहिलेले मला पटते. मी गोलरक्षकांबद्दल लिहिते, कारण तुमच्या गुणपद्धतीत मोठी खोट आहे आणि ती आकड्यांनीच दिसते.

समजा गोलरक्षकाने ३० शॉटपैकी २८ अडवले आणि संघ जिंकला. तुमच्या नियमाने विजयाचे ५, सेव्हचे १६.८, दोन गोलांचे उणे ६, एकूण १५.८. त्याच रात्री एखाद्या स्केटरने एक गोल, एक असिस्ट आणि तीन शॉट अशी सुरेख कामगिरी केली तरी त्याचे १२.७ होतात. गोलरक्षकाची नेहमीची चांगली रात्र स्केटरच्या खास रात्रीच्या वर जाते आणि ती दर आठवड्याला दोन-तीनदा येते. उलट २५ पैकी ५ गोल खाऊन संघ हरला तर तोच गोलरक्षक उणे ३ वर येतो. म्हणजे एका माणसाच्या एका रात्रीत जवळजवळ एकोणीस गुणांचा झोका आहे. दोन जागा संपूर्ण आठवड्याचा निकाल फिरवतात, ते यामुळे.

विजयाचे ४, सेव्हचे ०.३, खाल्लेल्या गोलचे उणे १.५ आणि शटआउटचे ३ असे करून पाहा. पहिल्या उदाहरणातली रात्र ९.४ गुणांची होते, दुसरी उणे १.५ ची. गोलरक्षक महत्त्वाचा राहतो, पण मालक होत नाही. काही जण गोलरक्षकांची एकच जागा ठेवतात. मला ते आवडत नाही, कारण लागोपाठच्या दोन दिवशी सामने असले की संघ बहुधा दोन वेगवेगळे गोलरक्षक उतरवतात, आणि त्या रात्री कोण खेळणार हे ओळखणे हा या खेळातला एक खरा आनंद आहे.

गुण कितीही बदलले तरी अपवादात्मक मोसम होणारच, हेही आधी सांगून ठेवा. २०२४-२५ मध्ये विनिपेगचा गोलरक्षक कॉनर हेलेबक याने ६३ सामन्यांत ४७ विजय आणि ८ शटआउट मिळवले आणि मोसमातल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूचा हार्ट करंडकही पटकावला. तो ज्याच्याकडे होता, त्याने योग्य वेळी योग्य माणूस निवडला. तेवढ्यासाठी नियमाला दोष देता येत नाही. एनएचएलचा विक्रमवीर वेन ग्रेट्झकी याचे कारकिर्दीत ८९४ गोल आणि १,९६३ असिस्ट आहेत, आणि त्याचे केवळ असिस्टच इतर कोणत्याही खेळाडूच्या एकूण गुणांपेक्षा (गोल आणि असिस्ट मिळून) जास्त भरतात. अशा खेळाडूपुढे कोणतीही गुणपद्धत समतोल ठरली नसती. तुम्हाला फक्त दरवर्षी त्याच दोन जागांवरून निकाल लागणे थांबवायचे आहे.

एक आग्रहाची सूचना : नवे गुण लावण्यापूर्वी गेल्या मोसमाचे सगळे आठवडे त्या गुणांनी पुन्हा मोजा. एका संध्याकाळचे काम आहे. निकाल किती आठवड्यांत बदलतो ते दिसले की मित्रांना पटवून द्यावे लागत नाही.

तिसरे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांत तुमचा मूळ प्रश्न बाजूला राहिला आहे. जानेवारीत लोक का सोडून जातात? कारण त्यांना मिळवण्यासारखे काही उरलेले नसते, आणि दहा संघांच्या लीगमध्ये बाद फेरीत जाणारे वरचे चार किंवा सहा निश्चित झाले की हे अटळच असते. त्यांना दंड करून किंवा टोमणे मारून काही होत नाही. आमच्याकडे दोन बदलांनी फरक पडला.

पहिला बदल असा की दर आठवड्याला प्रत्येकाला दोन निकाल मिळतात. एक नेहमीचा, समोरच्याशी झालेल्या सामन्याचा; दुसरा संपूर्ण लीगशी, म्हणजे त्या आठवड्यात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या पहिल्या पाच जणांना एक विजय आणि उरलेल्या पाच जणांना एक पराभव. यामुळे सोडून दिलेल्या संघाशी गाठ पडण्याचे भाग्य अर्ध्यावर येते, आणि चांगले गुण करूनही दुर्दैवाने हरलेल्याला काहीतरी पदरात पडते. गुणतक्ता मार्चपर्यंत इतका दाटीचा राहतो की सातव्या-आठव्या क्रमांकाच्या संघालाही आशा सोडता येत नाही.

दुसरा बदल ड्राफ्टच्या क्रमाचा. शेवटच्या संघाला पुढच्या वर्षी पहिली निवड दिली, तर मुद्दाम हरण्यालाच बक्षीस मिळते. एनएचएलमध्येही याच भीतीने १९९५ पासून नवोदितांच्या ड्राफ्टसाठी सोडत काढतात. आम्ही बाद फेरीत न पोहोचलेल्या संघांची वेगळी स्पर्धा त्याच आठवड्यांत ठेवतो आणि तिचा विजेता पुढच्या ड्राफ्टमध्ये आपला क्रमांक स्वतः निवडतो. कॉनर मॅकडेव्हिड, नेथन मॅककिनन किंवा निकिता कुचेरोव्ह अशा अव्वल खेळाडूंपैकी कोण आपल्या वाट्याला येऊ शकतो, हे त्यावर ठरत असल्यामुळे गेल्या मार्चमध्ये आमची खालची अंतिम लढत वरच्या लढतीपेक्षा अधिक चुरशीची झाली.

ट्रेडच्या मुदतीबद्दल मात्र मी पहिल्या उत्तराशी सहमत नाही. मुदत फार लवकर ठेवली तर तळाच्या संघाचा शेवटचा उद्योगही बंद होतो आणि तो आणखी लवकर दूर जातो. खालच्या स्पर्धेत त्यालाही जिंकायचे असेल, तर खेळाडू फुकट देण्याची इच्छा मुळातच उरत नाही. म्हणून बाद फेरीच्या आदल्या आठवड्यापर्यंत ट्रेड चालू ठेवावेत.

आणखी एक गोष्ट. कोणी सलग दोन आठवडे संघाला हात लावला नाही तर त्याला खासगीत विचारा. नोकरी, घरातले आजारपण, काहीही असू शकते. आमच्या एका मित्राच्या घरी मोठी अडचण होती आणि आम्ही महिनाभर त्याला आळशी समजत होतो. आता प्रत्येक जण ऑक्टोबरमध्येच एका सहव्यवस्थापकाचे नाव देतो आणि गरज पडली की तो संघ सांभाळतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री मी त्या मित्राला फोन केला. चाळीस मिनिटे बोलणे झाले. विंगरचा हिशेब त्याने मला समजावला तेव्हा लक्षात आले की मतदानापूर्वी मी त्याला कारण विचारलेच नव्हते. पुढच्या मोसमात मतदान नसेल आणि नियमांचा मसुदा लिहायला तोच मला मदत करणार आहे.

गेल्या मोसमाचे आठवडे सुचवलेल्या गुणांनी पुन्हा मोजायला घेतले आहेत. पहिल्या आठ आठवड्यांतच सहा सामन्यांचे निकाल बदलले. आठवड्याचे दोन निकाल ठेवण्याची कल्पनाही सर्वांना आवडली. एकच शंका उरते : संघरचना रोज बदलण्याऐवजी आठवड्यातून एकदाच ठरवायला लावली, तर वेळ नसलेल्यांना सोपे जाईल का?

दुसऱ्या उत्तराच्या लेखिकेकडून

सोपे जाईल, पण मी तसे करणार नाही. आतापर्यंतच्या ८२ सामन्यांच्या मोसमात संघ आठवड्याला सरासरी तीनाहून थोडे अधिक सामने खेळतात, परंतु एखाद्या आठवड्यात कोणाचे चार असतात तर कोणाचे दोनच. आठवड्याची रचना सोमवारी गोठवली, तर बुधवारी जखमी झालेला खेळाडू रविवारपर्यंत जागा अडवून बसतो आणि गोलरक्षकांबाबत तर सगळा अंदाजच होतो. त्यापेक्षा रचना रोजचीच ठेवा आणि नवे खेळाडू घेण्यावर आठवड्याला चारची मर्यादा घाला. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सामन्यांची गर्दी असते, बाकीच्या दिवशी तुलनेने कमी सामने असतात; रोज हात मारणाऱ्याचा फायदा त्या विरळ दिवशी खेळाडू बदलत राहण्यातून येतो आणि मर्यादेमुळे तो आपोआप आटोक्यात राहतो. आठवड्यातून दोनदा पाहणाऱ्या मित्रालाही मग बरोबरीने खेळता येते. २०२६-२७ पासून मोसम ८४ सामन्यांचा होतो आहे, तेव्हा ही मर्यादा ठरवण्यापूर्वी नवे वेळापत्रक एकदा नजरेखालून घाला.