लॅमिनेशन नको, आणि नाशिकची वही बघा

घराण्याची वंशावळ शोधण्याबद्दलच्या मूळ धाग्यात वाड्यातल्या पेटीतले मोडी लिपीतले जुने कागद लॅमिनेट करून ठेवायचा सल्ला आलाय. कृपया करू नका! उष्णता आणि प्लास्टिकमुळे कागद कायमचा अडकतो, पुन्हा सुटत नाही. आधी मोबाईलने दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा (पाठीवर बरेचदा शेरे असतात), मग आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पुडक्यांचा मूळ क्रम मोडू नका. कुठला कागद कशासोबत होता, हीसुद्धा माहितीच आहे.

घराण्याकडे पूर्वी इनाम (सरकारने दिलेली करमुक्त जमीन) किंवा वतन (वंशपरंपरागत हक्क) असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, जाच. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने (इनामांची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या मंडळाने) हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा अनेक घराण्यांनी आपापली वंशावळ आणि कैफियत (लेखी निवेदन) सादर केली. आडनावापेक्षा गाव आणि परगणा (तालुक्यासारखा जुना विभाग) सांगितलात तर शोध सोपा जातो. मात्र या वंशावळी हक्क सिद्ध करण्यासाठी दिलेल्या, त्यामुळे सोयीचं तेवढंच लिहिलेलं असू शकतं.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या (यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या पुरोहितांच्या) वह्यांत हक्काचा प्रश्न नसतो, म्हणून त्या मानाने निरुपद्रवी. तिथे यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतः भावाबहिणींची, मुलांची नावं लिहून दिलेली सापडतात. बायकांची नावं मात्र तिथेही कमीच.

कागदावर शुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांवरची कालगणना) असेल तर इसवी सनासाठी त्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मे असल्यास ६००. पानिपतची लढाई जानेवारीतली, म्हणून तिचा ११६१ म्हणजे १७६१.

मोडी येत नसेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा.