थेम्समध्ये बुडून मृत्यू, जॉर्जियन काळ: कॉरोनरच्या कागदात नावेची किंमत कशाला?

कागदकीडा: लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या १७६० ते १७९९ च्या कॉरोनर-चौकशा (कॉरोनर म्हणजे अचानक किंवा संशयास्पद मृत्यूची ज्युरी बसवून चौकशी करणारा अधिकारी) आता ऑनलाइन वाचता येतात. त्या वाचताना तीन प्रश्न पडले. अपघात ठरला तरी नावेची किंमत का लावायचे, आणि तीही जेमतेम १ शिलिंग? काही निकाल ‘अपघाती मृत्यू’, तर काही नुसते ‘बुडालेला सापडला’, असं का? आणि ‘तिसऱ्या जॉर्जचं ३१ वं वर्ष, जुलै’ म्हणजे इसवी सन कोणतं?

घाटावरचा: सन १७९१. तिसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० ला गादीवर आला, वर्ष तिथून मोजायचं. जुलैऐवजी नोव्हेंबर असता तर १७९० झालं असतं. इथे भलेभले फसतात.

नावेचं कारण डिओडंड. ज्या वस्तूच्या हालचालीने माणूस मेला ती राजाकडे जमा, किंवा राजाने ज्याला तो हक्क दिला असेल त्याच्याकडे. प्रत्यक्षात वस्तू नव्हे, ज्युरीने ठरवलेली किंमत भरायची. मालक बहुधा त्याच वस्तीतला, मग ज्युरी कशाला त्याला बुडवेल? म्हणून १ शिलिंग. नियम गोड्या पाण्यापुरता होता, भर समुद्रात डिओडंड लागत नसे. नाव चालती होती की बांधलेली, हेही साक्षीत बघा, त्यावर बरंच अवलंबून असे. पुढे रेल्वे अपघातांत ज्युरी मोठमोठ्या रकमा लावू लागल्या आणि १८४६ मध्ये हा प्रकारच रद्द झाला.

परगणा_दप्तर: निकालाचं सांगतो. पडताना कोणी पाहिलं असेल तर ‘अपघाती’. प्रेत चार-सहा दिवसांनी वर आलं, साक्षीदार नाही, अंगावर जखम नाही, की ‘बुडालेला सापडला’. त्यात सोयही होती. शुद्धीत असताना केलेली आत्महत्या ठरली तर मालमत्ता जप्त, आणि १८२३ पर्यंत चौरस्त्यावर पुरणं. त्यामुळे शंका असली तरी ज्युरी वेडाचा झटका किंवा हा मोघम निकाल देई.

प्रेत पाहिल्याशिवाय चौकशीच नाही. कॉरोनरच्या हुकमावरून कॉन्स्टेबल माणसं गोळा करी, बैठक बहुतेक वेळा दारूच्या गुत्त्यात. निकालाला किमान १२ जणांचं एकमत लागे. प्रेत घाईने पुरलं असेल तर उकरून काढायचं.

कागदकीडा: आणि डॉक्टर?

परगणा_दप्तर: कॉरोनर स्वतः डॉक्टर नसे, बरेचदा वकील. डॉक्टरला साक्षीचे पैसे देण्याची कायद्याने सोय १८३६ मध्ये झाली, तोवर डोक्यावरची खोक ज्युरीनेच बघायची. १७७४ नंतरच्या साक्षींत मात्र सर्जन दिसला तर थांबून वाचा. बुडालेल्यांना वाचवण्यासाठीची ह्युमेन सोसायटी ही संस्था त्या साली निघाली. तिच्या रीतीने बुडालेल्याला ऊबदार ब्लँकेटात ठेवून अंग चोळायचे, भात्याने हवा भरायचे, गुदद्वारातून तंबाखूचा धूरही सोडायचे! त्यावरून पाण्याबाहेर काढल्यावर काय काय झालं ते कळतं.

घाटावरचा: एक भर. लंडनबाहेरचे मूळ कागद गहाळ असतील तर परगण्याच्या दप्तरात कॉरोनरची बिलं शोधा. १७५२ च्या कायद्याने त्याला दर चौकशीला १ पौंड आणि प्रवासाचे मैलाला ९ पेन्स मिळत. त्यामुळे तारीख, गाव, मृताचं नाव आणि मैल, सगळं बिलात सापडतं. विल्टशरची १७५२ ते १७९६ ची बिलं छापलेलीही आहेत.