लहान अपघात, हाताला मार: तिथल्या तिथे मिटवावं की दावा करावा?

सुईदोरा, म्हापसा

गेल्या वर्षी चतुर्थीला तीन आठवडे असताना पर्वरीत मला मागून गाडी लागली. उड्डाणपुलाच्या कामामुळे सगळ्या गाड्या रांगत होत्या, त्यामुळे धडक मोठी नव्हती. स्कूटर कलंडली आणि मी उजव्या हातावर पडले. गाडी रेंट अ कारची, काळ्या पाटीवर पिवळा नंबर. चालवणारा पर्यटक मुलगा घाबरून गेला होता. त्यानेच मला उठवलं, पाणी दिलं. त्याच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो नंतरच्या अर्ध्या तासावर. चौकीत माझ्यासमोर रेघांचा कागद ठेवला गेला. "माझी काही तक्रार नाही, आपसांत मिटलं आहे" असं लिहा, पाच हजार घ्या आणि मोकळ्या व्हा. गाडीमालकाचंही तेच. मी पेन उचललं तर अंगठा आणि बोट जुळेचनात. पेन टेबलावर पडलं. परत उचललं, परत पडलं. मग म्हटलं, सही राहू दे, आधी डॉक्टर.

एक्स-रेत काही दिसलं नाही. मुका मार म्हणून आधाराची पट्टी बांधली. डॉक्टरांनी मात्र बजावलं, अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिलं तर दहा-बारा दिवसांनी परत या. बाराव्या दिवशी दुसऱ्या एक्स-रेत मनगटातल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाला तडा दिसला. हा तडा पुष्कळदा पहिल्या दिवशी दिसतच नाही म्हणे, आणि तसाच राहिला तर हाड नीट जुळत नाही. मग कोपरापर्यंत प्लास्टर. मी शिवणकाम करते. चतुर्थीचे ३४ ब्लाऊज कापडासकट परत केले. घरची माटोळी (गणपतीच्या वर बांधतो ती फळापानांची चौकट) दिरांनी बांधली, मी बाजूला बसून दोरी कुठे बांधायची ते सांगत होते.

पहिल्या संध्याकाळी सही केली असती तर पाच हजारांत सगळं संपलं असतं. म्हणून मी दावा केला. घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना वाटतं, एवढ्याशा गोष्टीला कोर्ट कशाला. माझं म्हणणं इतकंच, की दुखापत कळायच्या आधी कोणी कोणाला मिटवायला सांगू नये. तुम्हाला काय वाटतं?

पिवळा मडगार्ड, पणजी

ताई, हात बरा झाला का आता? आधी ते सांगा.

पण मी दुसऱ्या बाजूचा आहे. वीस वर्षं पायलट, म्हणजे भाड्याने माणसं नेणारी मोटारसायकल चालवतो. मार्केटजवळ माझ्याकडून एका बाईंना धक्का लागला, गुडघा खरचटला. मीच त्यांना दवाखान्यात नेलं, ड्रेसिंगचे आणि औषधांचे पैसे दिले, घरी सोडलं. हसून निरोप घेतला त्यांनी. तिसऱ्या दिवशी पोलीस दारात. मग जामीन, समन्स, तारखा. तारीख असेल त्या दिवशी धंदा बंद. त्यांना विम्याचे पैसे मिळाले, माझे बुडालेले दिवस मला कोणी दिले नाहीत. मुलीच्या फीचा हप्ता त्या वर्षी दोनदा चुकला.

तुमचं हाड मोडलं, तुम्ही केलंत ते बरोबर. पण तुमचं उदाहरण वाचून उद्या खरचटलेला माणूसही कागद करायला धावेल. लहान मार, समोरचा माणूस चांगला, तर तिथेच मिटवणं यातच माणुसकी आहे.

डिचोलीकर

पायलटबाबशी सहमत. आमच्या ओळखीत एकाने मानेला पट्टा लावून तीन महिने काढले, पट्टा फक्त बाहेर जाताना. अशा लोकांमुळे खऱ्या जखमीकडेही संशयाने बघतात. शिवाय वकील तिसरा हिस्सा मागतो. हातात उरतं काय?

जुना कारकून, मडगाव

२७ वर्षं वकिलाच्या कचेरीत अपघातांच्याच फाइली सांभाळल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी पायलटबाबांसाठी. तुमच्यावर आला तो फौजदारी खटला. भरपाईचा दावा वेगळा, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. त्यात चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघे असतात, आणि विमा चालू असेल तर पैसे सहसा कंपनी भरते. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि "त्या गरिबाला कशाला अडकवू" म्हणून हक्काची भरपाई सोडतात. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, जाईल ही मालकांची भीतीही बहुतेक वेळा चुकीची असते. ती सूट जाते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे घेतल्यावर, समोरच्याच्या दुखापतीच्या दाव्याने नाही.

वकिलाच्या हिश्श्याबद्दल डिचोलीकरांनी लिहिलं. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून काम घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. असा सौदा करणाऱ्याकडे जाऊच नका. फी आधी ठरवा आणि लिहून घ्या.

आता मुदत. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दावा अपघात झाला तिथेच करावा असं नाही, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. पर्यटक विमान पकडून गेला म्हणून काही अडत नाही, कारण मालक आणि कंपनी इथेच आहेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने दिलेली असेल तर मात्र कंपनी हात वर करायला बघते. अशा वेळी न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं, पण वेळ जातो. म्हणून पाटीचा फोटो पहिल्या मिनिटाला काढावा.

ताईंसारख्यांसाठी आणखी एक वाट आहे. हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापत. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता अडीच लाखांची तरतूद आहे. पण ती रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. कोणती वाट धरायची ते नुकसान किती यावर ठरवावं.

आणि तो रेघांचा कागद. त्यावर सही झाली म्हणजे दावा मेला असं नाही, पण कंपनीचा वकील पहिल्यांदा तोच कागद पुढे करतो. मी पाहिलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

कुळागर, सावईवेरे

आमच्याकडे वेगळं घडलं, तेही लिहितो. काकांच्या सायकलला शेजाऱ्याच्या पिकअपने ठोकलं, पायाचं बोट मोडलं. पोलिसांत कोणी गेलं नाही. शेजारी महिनाभर पहाटे येऊन काकांच्या दोन गाई पिळायचा, सुपारी त्यानेच उतरवून दिली. काका पायावर उभे राहिल्यावर दोघे देवळाच्या पायरीवर बसले आणि औषधांचा हिशोब केला. आज दोन्ही घरांचं जाणं-येणं आहे. कोर्टात गेलो असतो तर पैसे कदाचित जास्त आले असते, पण कुंपणाच्या पलीकडचा माणूस गेला असता. गावात हे मोजावं लागतं.

सुईदोरा, म्हापसा

कुळागर, तुमच्या काकांचं वाचून बरं वाटलं. पण बघा, त्यांनीही हिशोब महिन्याने केला, पायावर उभे राहिल्यावर. मी मिटवण्याच्या विरोधात नाहीच, त्या पहिल्या संध्याकाळच्या घाईच्या विरोधात आहे. तुमचा शेजारी रोज पहाटे दारात येत होता. माझ्याकडे आला होता तो गाडीमालक, एकदाच, सही मागायला.

डिचोलीकर, संशयाचं म्हणता तो माझ्यावरही घेतला गेला. पगाराची स्लिप नाही तर उत्पन्न कशावरून, असं विचारलं. माझ्याकडे फक्त मापांची वही होती. कोणाचं ब्लाऊज, छाती किती, बाही किती, कधी द्यायचं, आगाऊ किती घेतले. सोळा वर्षांची सवय. अपघाताच्या तारखेनंतर त्या वहीत दोन महिने एक ओळ नाही. वकिलांनी तीच वही पुरावा म्हणून जोडली. मानेचा पट्टा खोटा असू शकतो म्हणून मी माझी वही लपवायची का?

पायलटबाब, हात ऐंशी टक्के बरा आहे. काज करताना अजून कळ येते. तुमच्या मुलीच्या फीचं वाचून मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

पिवळा मडगार्ड, पणजी

कारकूनबाबांनी फरक सांगितला, तो मला तेव्हा कोणी सांगितला नव्हता. मी त्या बाईंना आजवर दोष देत होतो. तरीही एक विचारतो. दावा वेगळा आणि खटला वेगळा, मग गुन्हा न नोंदवता नुसती भरपाई मागता येत नाही का?

जुना कारकून, मडगाव

गुन्हा नोंदलेला नाही एवढ्यावरून दावा फेटाळला जाऊ नये. पण मग अपघात याच गाडीने झाला हे सिद्ध करायला दवाखान्याचे पहिल्या दिवसाचे कागद, फोटो आणि साक्षीदार लागतात. पोलिसांत नोंद झाली तर नियमाप्रमाणे पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जायला हवा, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तो कागद जखमीच्या फार कामाचा असतो. तुमच्यासारख्या चालकाला त्याचा त्रास होतो हेही खरं, ते मी नाकारणार नाही.

पिवळा मडगार्ड, पणजी

मग माझ्या त्या बाईंनी मला आधी एक फोन करायला हवा होता. तेवढं मी अजूनही म्हणेन.

सुईदोरा, म्हापसा

हो. फोन मीही केला नव्हता. त्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. प्लास्टर निघाल्यावर त्याचा मेसेज आला होता, हात कसा आहे म्हणून. मी उत्तर दिलं नाही, वकिलांनी नको म्हटलं होतं. पुढची तारीख लोक अदालतीत आहे. तिथे मिटलं तर त्याला कळवेन.