व्हेनिसला हॉटेल कुठे घेतलंत? अनुभव लिहा (भाचीसाठी विचारतेय)

मधली सून
भाचीचा काल रात्री मेसेज. "मावशी, नोव्हेंबरात व्हेनिस, तीन रात्री. स्टेशनजवळ घेऊ, सॅन मार्को चौकाजवळ की बेटाबाहेर, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला? मेस्त्रेला निम्म्यात मिळतंय." उत्तर लिहायला घेतलं आणि उजवं मनगट ठणकायला लागलं. त्या मनगटाचं आणि व्हेनिसचं जुनं नातं आहे.

२०१६ साल. आम्ही दोघं, सासूबाई, सात वर्षांचा मुलगा आणि दोन अवजड बॅगा, त्यात निम्मे ठेपले आणि मेतकूट. हॉटेल नवऱ्याने निवडलेलं. स्टेशनपासून चालत ९ मिनिटं, जुना वाडा, कालव्यावर खिडकी, फोटोत मखमली पडदे. स्टेशनच्या पायऱ्या उतरलो तर समोर थेट पाणी. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, रस्ता कुठाय?" रस्ता होता तो स्काल्झीच्या पुलावरून. आणि तिथला पूल म्हणजे पायऱ्या, आधी चढा मग उतरा. नकाशात ती इवलीशी रेघ दिसते. आमच्या वाटेत अशा चार रेघा होत्या.

तिसऱ्या पुलावर बॅगेचं चाक निखळलं, टुणटुणत पायऱ्या उतरलं आणि डुबुक. मुलाने टाळ्या वाजवल्या. सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या, पिशवीतून चिवडा काढला आणि म्हणाल्या, "तुम्ही हॉटेल शोधून या, मी आहे इथे." शोधून या म्हणजे! पत्त्यात गल्लीचं नाव नाही, भागाचं नाव आणि चार आकडी नंबर. घरनंबर अख्ख्या भागाला मिळून एकच सलग असतात, हे मला परत आल्यावर कळलं. ९ मिनिटांचा सव्वा तास झाला. वर खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. खिडकी मात्र खरंच कालव्यावर होती. पहाटे तिच्याखाली कचऱ्याची बोट घरघरत उभी राहायची.

तर लिहा. कुठे राहिलात, काय फसलं, काय जमलं.

गूळपोळी
चाक डुबुक!! ऑफिसात बसून हसतेय, समोरचा बघतोय.

अर्धा चहा
मेस्त्रे. विषय संपला. स्टेशनसमोर हॉटेल, लिफ्ट, ट्रेनने दहा-बारा मिनिटांत सांता लुचिया, म्हणजे व्हेनिसचं स्टेशन. बसही व्हेनिसच्या कडेच्या पियाझाले रोमा चौकापर्यंत जाते. तिथे बांगलादेशी वस्ती मोठी आहे, त्यामुळे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, मसूर डाळ, सगळं कोपऱ्यावर. तिसऱ्या दिवशी पास्त्याचं तोंड बघवत नाही तेव्हा कळतं या गोष्टीचं मोल.

खिडकीपाशी
@अर्धा चहा, मसूर डाळ खायला व्हेनिसला गेला होतात? (हलकंच घ्या.)
आम्ही टूरबरोबर गेलो तेव्हा मेस्त्रेलाच होतो. सकाळी दहाला पोचायचो, त्याच वेळी सगळं जग पोचायचं. संध्याकाळी गर्दी पांगायला लागली की आमचा गाईड छत्री वर करून "चला चला". दुसऱ्यांदा दोघंच गेलो आणि आत राहिलो. रात्री अकराला गल्लीत आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मी पुन्हा देईन.

तिसरी शिट्टी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. कन्नारेजो भागात घ्यायला सांगा. स्टेशनातून बाहेर आलं की डावीकडे लिस्ता दी स्पान्या, सरळ सपाट रस्ता. गुल्येच्या पुलाच्या अलीकडचं हॉटेल घेतलं तर पूल शून्य. बॅग घरंगळत नेता येते. पूल ओलांडला की दोन मिनिटांवर जुनी ज्यू वस्ती, १५१६ ची. घेटो हा शब्द जगाला तिथूनच मिळाला. संध्याकाळी तिथल्या चौकात मुलं फुटबॉल खेळतात, आजीआजोबा बाकावर. शिट्टी झाली. आले.

निळी छत्री
नोव्हेंबर वाचून थबकलो. आम्ही १२ नोव्हेंबर २०१९ ला तिथे होतो. तळमजल्यावरची खोली, 'बागेत उघडणारी', स्वस्तात मिळाली म्हणून मी खूश. संध्याकाळी भोंगे वाजले. हॉटेलच्या बाईंनी दाराला गुडघाभर उंच लोखंडी फळी बसवली, खोबणीत, आपण दुकानाचं शटर लावावं इतक्या सहज, आणि आम्हाला म्हणाल्या बॅगा पलंगावर ठेवा. थोड्या वेळाने म्हणाल्या पलंगावर नको, वर जिन्यात ठेवा. मग पाणी फळीवरून नाही, न्हाणीघराच्या जाळीतून आलं. बायको एका हातात पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात माझे बूट घेऊन जिन्यावर उभी, ते दृश्य विसरणार नाही. त्या रात्री पाणी १८७ सेंटीमीटरला गेलं होतं. त्याहून जास्त फक्त १९६६ ला, १९४.

भाचीला घाबरवू नका पण. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी ७८ दरवाजे आहेत, मोठी भरती येणार असली की वर उचलतात. सॅन मार्कोचा चौक मात्र शहरात सर्वांत खोलगट, तो थोडक्या भरतीतही भिजतो. नोव्हेंबरात त्या बाजूला तळमजला नको म्हणावं, इतकंच.

बोरन्हाण
आमच्या आईचा किस्सा. इटलीत बाथरूममध्ये बिडे (शौचानंतर धुवायचं ठेंगणं बेसिन) असतोच, १९७५ पासून घरांना तर कायद्यानेच सक्तीचा. आईला वाटलं पाय धुवायची सोय. पहिल्या दिवशी पाय धुतले. दुसऱ्या दिवशी आम्ही परत आलो तर त्यात गार पाणी सोडून द्राक्षं घातलेली. खाल्ली आम्ही. नंतर सांगितलं तिला.

गूळपोळी
नंतर का सांगितलंत, आयुष्यभर नसतं सांगितलं तरी चाललं असतं 😂

कोकणमेवा
व्हेनिस नाही पण अ‍ॅमस्टरडॅम चालेल का? कालव्यावरचं अरुंद घर, हॉटेल केलेलं. जिना बघून मला आजोळच्या माळ्याची शिडी आठवली, तेवढाच उभा, फक्त वर गालिचा. प्रत्येक घराच्या माथ्यावर लोखंडी हूक असतो, सामान दोरीने खिडकीतून वर घेण्यासाठी. नवऱ्याने स्वागतकक्षात विचारलं, आमची बॅग हुकाने घेता का? पोरगा म्हणाला, फक्त पियानो घेतो.
माळ्यावरून आठवलं, आजीच्या मुरांब्याच्या बरण्या तिथेच असायच्या आणि आम्ही दुपारी...

अर्धा चहा
मुरांबा!! कृती द्या.

टपरीवाला
कालवे बघायला एवढं लांब कशाला, पुण्यात मुठा कालवा आहे की. २०१८ ला तर फुटून स्वतःच घरात आला होता.

रानजाई
@टपरीवाला, त्यावर विनोद नको. दांडेकर पुलापाशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा संसार गेला त्यात. भांडी दोन दिवस चिखलातून काढत होत्या.

टपरीवाला
चुकलं. माफ करा.

बोरन्हाण
व्हेनिसमध्ये शिरायचं ते प्रवेश शुल्क सुरू झालंय ना? मग राहणाऱ्यांना दोन्हीकडून कात्री?

तिसरी शिट्टी
भात झाला, परत आले. ते शुल्क दिवसापुरतं येणाऱ्यांना, २०२४ पासून, आणि तेही उन्हाळ्याच्या बाजूच्या ठरावीक दिवशी. नोव्हेंबरात प्रश्नच नाही. मुक्काम करणाऱ्यांना माफ असतं, मेस्त्रे त्याच पालिकेत म्हणून तिथल्यांनाही. हॉटेलचा शहर कर मात्र वेगळा, माणशी दर रात्री. वेबसाइटवरच्या भाड्यात बहुधा धरलेला नसतो. निघताना काउंटरवर मागतात आणि मग नवरे तोंड वाकडं करतात.

खिडकीपाशी
आमच्याकडे मी करते तोंड वाकडं.

शेवटचा थांबा
इथे सहसा फक्त वाचतो. आज लिहितो.

बाबांना अर्धांगवायू झाल्यावर त्यांनी एकच मागितलं होतं, व्हेनिस. का ते विचारलं नाही. व्हीलचेअर, आणि ते शहर चारशेच्या वर पुलांचं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. मी महिनाभर नकाशा घेऊन बसलो आणि शेवटी लिदो घेतलं. ते समोरचं लांबट बेट. तिथे सपाट रस्ते आहेत, गाड्या आहेत, बस आहे, हॉटेलला लिफ्ट. तिथून सॅन मार्को बोटीने पंधरा-वीस मिनिटं. वापोरेत्तोत, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीत, व्हीलचेअर सरळ आत जाते. धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो, बोटीवरचा माणूस फळी टाकून स्वतः खुर्ची धरतो. सुटं तिकीट तेव्हा ९.५० युरोला होतं आणि चालायचं ७५ मिनिटं, म्हणून तीन दिवसांचा पास काढला.

पूल एकही चढलो नाही. १ नंबरच्या बोटीने ग्रँड कॅनाल, म्हणजे मुख्य कालवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिवसातून दोनदा, तीन दिवस. बाबांना एका बाजूने नीट बोलता येत नव्हतं. डावा हात उचलून ते फक्त दाखवायचे: तो दिवा, ती खिडकी, भाजीची बोट. रात्री परत येताना बोट बहुतेक रिकामी. थंडी होती, मी आत चला म्हणत होतो, ते मान हलवून नाही म्हणायचे. हॉटेलचं नाव विचाराल तर आठवत नाही. थांबा आठवतो, सांता मारिया एलिझाबेत्ता. पुढच्या मार्चमध्ये बाबा गेले.

रानजाई
🙏

कोकणमेवा
काय लिहावं कळेना. नेलंत, हे फार चांगलं केलंत.

मधली सून
@शेवटचा थांबा, वाचून बराच वेळ फोन तसाच हातात होता. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणतायत, पुलावर बसून खाल्लेला चिवडा अजून आठवतो, बरं झालं हॉटेल लवकर सापडलं नाही.

भाचीने लिस्ता दी स्पान्याला बुक केलंय. पूल शून्य. लिफ्ट 'आहे' असं लिहिलंय, फोटोत कुठे दिसत नाही. फोन करून विचार म्हटलं, लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत जाते की पहिल्या मजल्यावर थांबते. ती म्हणते, मावशी, तू फार खोलात जातेस.

अर्धा चहा
मुरांब्याची कृती राहिली. वेलची घालता की केशर?

कोकणमेवा
दोन्ही. कैरी किसायची नाही, फोडी. रात्री सविस्तर लिहिते, आता मुलाला क्लासहून आणायचंय.