टॉवेलच्या मागावरचं काम व्हिडिओतून शिकवायचंय (एमआयडीसी, सोलापूर)

प्रश्न: नवीन पोरांसाठी मोबाईलवर व्हिडिओ काढतोय. खडखडाटात बोललेलं कळत नाही, धोटा (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा) पुसट दिसतो, स्लो मोशनमध्ये चित्र लुकलुकतं. काय करावं?

उत्तर १: लुकलुकतं ते ट्यूबलाइटमुळे. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. स्लो मोशन खिडकीजवळच्या मागावर, उन्हातच काढा. साधा व्हिडिओ असेल तर कॅमेऱ्याचं शटर १/१०० सेकंदावर ठेवा. टॉवेलचा लूप कसा पडतो, हे स्लो मोशनमध्येच कळतं: दोन आडवे धागे फणी (धागा कापडाला ठोकणारी) कापडापासून थोडे मागेच सोडते, तिसऱ्याला तिन्ही एकदम ठोकते. आवाज नंतर, बंद खोलीत भरा.

उत्तर २: तेलुगूतही भरा हो, सोलापूरच्या पूर्व भागातली बरीच पोरं घरी तेच बोलतात.

उत्तर ३: धाग्याची गाठ दाखवताना कॅमेरा कारागिराच्या खांद्यावरून धरा. समोरून धरला की डावं-उजवं उलटं दिसतं अन् पोरं गाठ उलटी मारतात. पांढऱ्या सुताखाली काळं फडकं. एका व्हिडिओत एकच काम, दोन-तीन मिनिटं, बस्स. बीमचा (उभे धागे गुंडाळलेल्या रुळाचा) ताण मात्र व्हिडिओत कळत नाही, तिथं हातच लावायला द्या. माग बंद करून.