अनुभव धागा: इंग्रजी शिकणारी लेकरं, घरचे लोक आणि आभार

धागाकर्ती (जि. प. शिक्षिका, यवतमाळ)
राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं आज पालकसभेला येतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांना स्वतःच्या लेकराच्या वहीतली इंग्रजी ओळ वाचता येत नाही. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी नाहीतर माडिया, आमच्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी. म्हणजे शाळेची मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. अशा वर्गात 5 सप्टेंबर आला की फळ्यावर ‘थँक यू टीचर’ लिहायचं, चाळीस कार्डांवर तीच ओळ उतरवून घ्यायची आणि आपणच आपल्याला वाटून घ्यायची! घरच्यांचं त्यात नावही नसतं. लेकरांना मनापासून आभार मानता यावेत आणि ते घरापर्यंत पोचावेत म्हणून तुम्ही काय केलं ते लिहा. भाषणं नकोत.

सातपुड्यातला गुरुजी
धारणी तालुका, चौथीचा वर्ग. शुक्रवारी शेवटच्या तासाला एकच प्रश्न: या आठवड्यात तुझ्यासाठी कोणी काय केलं? उत्तर कोरकूत चालतं. वर्गातली एखादी मोठी मुलगी ते मला मराठीत सांगते, मग सगळे मिळून फळ्यावर इंग्रजी वाक्य जुळवतो. ‘आई’, ‘बाबा’ एवढ्यावर सोडत नाही. काय केलं ते सांगावंच लागतं.

एक पोरगा इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नसे. मोहाच्या दिवसांत त्यानं सांगितलं, आजा पहाटे अंधारात उठवतो, झाडाखाली नेतो, फुलं वेचून झाली की वेळेवर शाळेत पाठवतो. त्यातून दोन वाक्यं झाली: ‘माय ग्रँडफादर वेक्स मी. आय थँक हिम.’ कागदावर लिहून घरी नेली. दुसऱ्या दिवशी आजोबा शाळेच्या दारात, पागोटं हातात. “गुरुजी, कागद कायको भेजा? लडके ने कुछ किया क्या?” शाळेचा कागद म्हणजे तक्रार, नाहीतर अंगठा, एवढंच त्यांना माहीत. पोराला उभं केलं. त्यानं इंग्रजीत म्हटलं, मग कोरकूत. म्हातारबा हसले, पण कागद माझ्याकडे ठेवायला तयार नाहीत. घडी करून बंडीच्या खिशात घातला.

आता आधी शाळेकडून घरच्यांचे आभार मानणारा कागद जातो, पोराचा नंतर. त्यानंतर पालकसभेलाही माणसं येऊ लागली. सगळी नाही, पण जी येतात ती मागं भिंतीला टेकून उभी राहत नाहीत.

तांड्यावरची याडी
मी आई म्हणून लिहिते. कापूस वेचणीत एक एक हात मोलाचा, मजुरी किलोवर असते. शेजारच्या घरची पोरं वावरात नेतात, मी माह्या लेकीला शाळेत धाडते. ते काही मोठं काम आहे असं मले कोणी कधी म्हटलं नव्हतं. एक दिवस मॅडमनं फोनवर आवाज पाठवला: “ताई, वेचणीच्या दिवसातही रोज लेकीला पाठवता, म्हणून ती इंग्रजीत बोलायला लागली.” वावरात ओटीत कापूस, फोन कानाला. सोबतच्या बाया म्हणे, आम्हालेबी आयकव. मीच मोठ्यानं लावला. लेकीनं रात्री इंग्रजीत काय म्हटलं ते कळलं नाही, तिनं आमच्या बोलीत सांगितलं तेव्हा कळलं.

वर्ध्याचा वादी
थोडं कडू बोलतो. गरिबाच्या पोराला ‘उपकार मान’ हे सगळे आधीच ऐकवतात. खिचडी मिळते, पुस्तकं फुकट, गणवेश मिळतो, मग हात जोड. का बुवा? मोफत शिक्षण 2009 च्या कायद्यानं हक्काचं आहे, शाळेतलं जेवण 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात आहे. माणसाचे आभार मानायला शिकवा, योजनेचे नाही. फोटो काढून वर पाठवायचे असतील तर हा सगळा उपक्रम बंद केलेला बरा.

धागाकर्ती
वादीदादा, पटलं. म्हणून आम्ही ‘खिचडीबद्दल’ काही लिहून घेत नाही. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना वर्गात बोलावतो आणि पोरं त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारतात. ताई वऱ्हाडीत उत्तर देतात, पोरं समजावून सांगतात. ‘हाऊ मच सॉल्ट?’ला उत्तर आलं, “अंदाजानं बाप्पा!” याचं इंग्रजी अजून कोणाला जमलेलं नाही.

पोळ्याचा पाहुणा
आमच्याकडे आभाराची रीत शाळेच्या कितीतरी आधीपासून आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि कानात म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतातच. इंग्रजीच्या तासाला मी त्यातूनच वाक्यं काढली. झूल, वेसण, मठाठी, घुंगरमाळ यांना शब्द मिळेनात, तसेच ठेवले. कशाचा काय उपयोग, हे सांगायला बाप लोक वर्गात आले. आता ट्रॅक्टर झालेत हे खरं, बैल थोड्याच घरी उरलेत.

अकोल्याची वाचनवेडी
एमन्स आणि मॅक्‌कला या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2003 चा अभ्यास प्रशिक्षणात हमखास सांगतात. त्यातल्या एका प्रयोगात कॉलेजातली मुलं आठवड्यातून एकदा कृतज्ञ वाटणाऱ्या पाचपर्यंत गोष्टी लिहीत, आणि ती आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळली. तेवढ्यावरून आपल्याकडे रोजची ‘कृतज्ञता वही’ निघते. लवकरच सगळ्या वह्यांत ‘मदर, फादर, स्कूल, सन, ट्री’. दुसरीतल्या, तिसरी भाषा शिकणाऱ्या पोरावर तो प्रयोग झालेला नाही हो! गुरुजींची शुक्रवारची रीत बरी: आठवड्यातून एकदा, एकच माणूस, त्यानं केलेलं एकच काम.

गडचिरोलीकर
एक शंका. बाप कामासाठी बाहेरगावी असेल तर कागद कोणाच्या हाती द्यायचा?

सातपुड्यातला गुरुजी
फोनवर आवाज पाठवतो. होळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं कामाला बाहेर असतात. एका मुलीनं बापाला आधी कोरकूत सांगितलं, मग इंग्रजीत. बापाचं लगेच उत्तर आलं: “वो अंग्रेजीवाला फिरसे बोल बेटा, यहाँ सेठ को सुनाना है.”