पाऊस बिघडला की घरखर्च कुठे फुटतो? तुमच्या भागातलं लिहा

मृगाच्या भरवशावर पेरायचं, ऑगस्टात उघाड सोसायची आणि काढणीला आलेलं पीक परतीच्या पावसात भिजताना बघायचं, हे आता दर एक-दोन वर्षांनी होतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं सोलापूर-धाराशिवकडे पिकाबरोबर मातीही नेली. बियाणं, चारा, साठवलेला माल, कागद यांतलं काय नेमकं कुठे हातचं जातं आणि ते वाचवायला किती, केव्हा, कसं करायचं ते लिहा. मोघम नको, मापं द्या.

लातूर, सोयाबीन

पहिला फटका दुबार पेरणीचा. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं पुन्हा, आणि तेही बहुतेक वेळा उसनवारीवर. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली उतरल्याशिवाय पेरू नका. एकच मोठी सर झाली की ढेकूळ वरून ओलं, आत कोरडं असतं. बी फुगतं, मोड येतो आणि पुढची सर लांबली की जागीच मरतं. वीतभर खड्डा काढा, तळाची माती मुठीत दाबा. गोळा होत नसेल तर थांबा.

घरच्या बियाण्याची उगवण आधी तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा. दाणे निवडून घेऊ नका, पोत्यात जसे आहेत तसेच घ्या. वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी धडधाकट मोड मोजा. ७० असतील तर एकरी ३० किलो बियाणं. पुढे कमी होणाऱ्या दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे ६० ला ३५ किलो. त्याखाली गेलं तर ते बियाणं सोडा. पोती आपटू नका. सोयाबीनची साल पातळ आणि अंकुर अगदी सालीलगत, दाणा वरून चांगला दिसतो पण उगवत नाही. पेरणी ३ ते ५ सेंटिमीटरवर. खोल पडलं आणि वरून जोराचा पाऊस झाला की माती आवळते, कोंब वर येत नाही.

निफाड, उन्हाळ कांदा

एप्रिल-मेच्या अवकाळीत कांदा भिजतो, पण खरं नुकसान होतं ते घाईघाईत तो चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) टाकल्यानं. भिजलेला कांदा वेगळा काढा, वारं द्या आणि आधी विका. चाळीत फक्त कोरडा.

काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की काढा. पातीसकट तीन-चार दिवस शेतात, एका ओळीच्या कांद्यावर दुसऱ्या ओळीची पात येईल असा मांडा. मग २-३ सेंटिमीटर मान ठेवून कापा आणि १०-१२ दिवस सावलीत सुकवा. अगदी कांद्यालगत कापलेली मान उघडी राहते, सड तिथूनच शिरते.

चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवा, कप्पा ४ फूट रुंद, ढीग ५ फुटांच्या आत. पावसाच्या भीतीनं चारी बाजूंनी प्लास्टिक बांधलं तर आत घाम सुटतो. पाऊस थांबला की पडदे लगेच वर. आठवड्यातून एकदा चाळीखाली वाकून वास घ्या. आंबूस-सडका वास जिथे येतो, तेवढा भाग त्याच दिवशी उपसा.

पुन्हा सोयाबीन: मळणीनंतरचं

हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. घरी यंत्र नसलं तरी अंदाज घेता येतो. मीठ तव्यावर गरम करून थंड करा. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य, दोन-तीन चमचे मीठ, मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, पोती भरू नका. चिकटलं नाही म्हणजे लगेच १२ झाला असं मात्र नाही. अजून एक-दोन उन्हं द्या.

सांगोला, जनावरं

पावसाचा खंड पडला की कोवळ्या ज्वारीत विष वाढतं आणि जनावर तासाभरात जाऊ शकतं. सर्वांत धोक्याचे कापलेल्या ज्वारीचे फुटवे. फुलोऱ्याआधी हिरवी ज्वारी घालू नका.

काड, सरमाड यांचा कस वाढवायला युरिया प्रक्रिया करता येते. १०० किलो वाळक्या चाऱ्याला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थराथरानं शिंपडा, तुडवा, प्लास्टिकनं हवाबंद करून २१ दिवस ठेवा. घालण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्या, सुरुवात थोड्यापासून. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नको. युरियाचं पाणी उघडं ठेवू नका, जनावर प्यायलं तर दगावतं.

कागदांबद्दल

२०२३ चा एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपात बंद झाला. हप्ता खरिपाच्या धान्य-तेलबियांना विमा रकमेच्या २ टक्के झाला आणि भरपाई महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे निवडक शेतांत मोजलेल्या उत्पन्नावर आली. एकाच गावावर ढग फुटला तर मंडळाच्या सरासरीत ते दिसत नाही, हे फार अन्यायाचं आहे. म्हणून सरकारी मदतीसाठीचा पंचनामा सोडू नका. ३३ टक्के किंवा जास्त नुकसान हवं. २०२५-२६ पर्यंतच्या आपत्ती निधीच्या दरांत जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० रुपये. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) मुदतीत करा, नाहीतर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही.

वीज पडून दुभती गाय-म्हैस गेली तर त्याच दरांत ३७,५०० रुपये. पण शवविच्छेदन आणि पंचनाम्याआधी पुरलं तर हातात काही राहत नाही.

बीड, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

खरीप गेला की कोयत्याची उचल (ऊसतोडीची आगाऊ रक्कम) घेतली जाते आणि दिवाळीच्या आसपास घर बाहेर पडतं. रेशन दुसऱ्या जिल्ह्यातही अंगठ्यावर मिळतं, पण कार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी निघण्याआधी झालेलं हवं. मुलांचा आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांच्या ठशांसह अद्ययावत करावा लागतो. तो राहिला की ई-केवायसी अडकतं. मुलं बरोबर नेणार असाल तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं.